गूढ आणि गुप्त

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणारी माणसे वर्षानुवर्षे नदीचे मूळच पाहायला जात आली आहेत. डोंगरातली ती बारीकशी धार म्हणजे भीमा, आणि हीच पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते, हे त्यांना ठाऊक असते. उगम पाहिल्याने भीमेचे पावित्र्य उणे झाले, असे आजवर कोणाला वाटलेले नाही. तेव्हा म्हणीचा अर्थ एवढाच घ्यावा, की उगम लहान किंवा गढूळ दिसला म्हणून नदीला नावे ठेवू नयेत. उगमाकडे पाहूच नये, असा तिचा अर्थ केला तर अध्यात्माच्या नावाने कोणी काहीही सांगावे आणि आपण माना डोलवाव्यात, अशी पाळी येईल. हीच दृष्टी ठेवून आधुनिक काळातल्या सर्वांत प्रभावी गूढवादी चळवळीच्या, म्हणजे थिऑसॉफीच्या, उगमाचा इथे विचार करायचा आहे. ही चळवळ अमेरिकेत जन्मली, पण हिंदुस्थानातले तिचे पहिले घर मुंबईत गिरगावात होते आणि पहिल्या काही सोबत्यांत मराठी माणसे होती. म्हणून तिच्या जन्मकथेतून निघणारा प्रश्न आपलाही आहे. सत्य गूढ असते हे मान्य केले, तर ते सांगणारा गुप्त राहिला तरी चालते का?

काळ लक्षात घेतला पाहिजे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. एप्रिल १८७५ मध्ये मुंबईत स्वामी दयानंदांचा आर्य समाज उभा राहिला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीची रीतसर सुरुवात झाली. तिच्या संस्थापकांत तीन नावे मुख्य आहेत : रशियन खानदानी घराण्यातल्या हेलेना पेत्रोव्हना ब्लाव्हाट्स्की, अमेरिकन वकील कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट आणि तरुण वकील विल्यम क्वान जज्ज. ऑल्कॉट हे शेतीविषयावर लिहिणारे, यादवी युद्धात लष्करी पुरवठ्यातले गैरव्यवहार खणून काढणारे गृहस्थ होते. १८७४ मध्ये व्हरमाँटमधल्या चिटेंडन गावी एका शेतघरात मृतात्मे प्रकट होतात, अशी बोलवा होती. वर्तमानपत्रासाठी त्याची हकीकत लिहायला ते तिथे गेले आणि तिथेच त्यांची ब्लाव्हाट्स्कीबाईंशी गाठ पडली. १८७७ मध्ये बाईंचा ‘आयसिस अनव्हेल्ड’ हा दोन खंडांचा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी सोसायटीने स्वतःला आर्य समाजाशी जोडून घेतले आणि १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ही मंडळी मुंबई बंदरात उतरली. ऑक्टोबरात ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू झाले. दयानंदांशी जुळलेले नाते १८८२ मध्ये तुटले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सोसायटी मद्रासजवळ अड्यारला गेली. मुंबईतला मुक्काम असा चार वर्षांचाही नव्हता, पण चळवळीला तिचे कायमचे रूप याच काळात आले.

या मंडळींच्या येण्याचे त्या काळी काय मोल होते, हे आधी मनापासून मान्य करायला हवे. शाळेत, कचेरीत आणि मिशनऱ्यांच्या प्रवचनांत आपल्या धर्मग्रंथांची हेटाळणी ऐकत वाढलेल्या पिढीपुढे दोन गोरी माणसे उभी राहिली आणि म्हणाली, की आम्ही तुमच्याकडे शिकायला आलो आहोत. २५ मे १८८० रोजी सिलोनमध्ये गाले इथे दोघांनी जाहीरपणे पंचशील घेतले. तिथल्या बौद्ध शाळांसाठी ऑल्कॉट यांनी नंतर जे कष्ट घेतले, ते त्या देशाच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. मुंबईत त्यांना तुकाराम तात्या पडवळ मिळाले. या गृहस्थांनी १८६१ मध्ये ‘जातिभेद विवेकसार’ लिहून जातिव्यवस्थेवर शास्त्राधार देऊन हल्ला चढवला होता आणि त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये खुद्द फुल्यांनी काढली होती. थिऑसॉफीत आल्यावर त्यांनी संस्कृत ग्रंथ आणि संतांच्या गाथा छापून स्वस्तात लोकांच्या हाती दिल्या. दुसरे दामोदर मावळंकर, गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी ब्राह्मण कुटुंबातला विशीतला मुलगा. सोसायटीत आल्यावर त्याने जात सोडली आणि सोडल्याचे १८८० मध्ये मासिकात छापून जाहीर केले. त्या काळी घरदार आणि नातेवाईक पणाला लावल्याशिवाय असे पाऊल टाकता येत नसे. ज्या चळवळीने अशा माणसांना बळ दिले, तिला निव्वळ थोतांड म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

मात्र चळवळीचा अधिकार या उघड कामावर उभा नव्हता. तो उभा होता हिमालयापलीकडे राहणाऱ्या सिद्ध पुरुषांवर, ज्यांना ‘महात्मे’ म्हटले जाई. १८८० च्या शरद ऋतूपासून अलाहाबादच्या ‘पायोनियर’चे संपादक आल्फ्रेड सिनेट यांना कूट हूमी आणि मोर्य या नावांनी पत्रे येऊ लागली. पत्रे इंग्रजीत असत आणि अनेकदा चमत्काराने पोचल्याचे सांगितले जाई. सिनेट यांनी १८८१ मध्ये त्यांतला काही मजकूर पुस्तकात छापला. पुढे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. हेन्री किडल नावाच्या अमेरिकन गृहस्थांना त्या पुस्तकातल्या एका पत्रात आपल्याच भाषणातला उतारा जवळपास जसाच्या तसा सापडला आणि १८८३ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. यावर खुलासा आला तोही महात्म्यांकडूनच : पत्र मनोमन सांगितले होते, उतरवून घेणाऱ्या शिष्याकडून काही शब्द गळाले. खुलासा खरा की खोटा, हे क्षणभर बाजूला ठेवू. शंका ज्याच्याविषयी आहे, त्याचेच आणखी एक पत्र जर शंकेचे उत्तर ठरत असेल, तर ऐकणाऱ्याच्या हाती तपासायला काय उरते? अधिकार एकदा दृष्टीआड गेला की त्याच्यावरच्या प्रत्येक आक्षेपाचे उत्तरही दृष्टीआडूनच येते, आणि श्रद्धावंताला विश्वास ठेवणे किंवा बाहेर पडणे एवढे दोनच मार्ग शिल्लक राहतात. प्रश्न विचारत आत राहण्याची वाट बंद होते.

इथे पहिला आक्षेप येईल, की हे जुने आरोप आता फेटाळले गेले आहेत. आक्षेपात तथ्य आहे. १८८४ मध्ये सोसायटीत राहिलेल्या कुलों दांपत्याने मद्रासच्या मिशनरी मासिकातून बाईंवर लबाडीचे आरोप केले. लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीला पाठवले आणि १८८५ च्या अहवालात बाईंना फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. परंतु शंभर वर्षांनी, १९८६ साली, त्याच संस्थेच्या नियतकालिकात हस्ताक्षरतज्ज्ञ व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसन यांची पद्धत सदोष आणि एकतर्फी असल्याचे दाखवून दिले. म्हणून या निबंधाचा युक्तिवाद लबाडीवर टेकवलेला नाही. पत्रे कोणी लिहिली याचा निकाल कधी लागेल न लागेल. समजा, ती खरोखरच कोणा सिद्धाची होती. तरी अडचण तशीच राहते. ज्याला कोणी भेटू शकत नाही, ज्याला उलट विचारता येत नाही आणि ज्याचे म्हणणे एकाच माणसाच्या मध्यस्थीने कळते, अशा गुरूच्या नावावर विश्वाची उत्पत्ती आणि मानववंशांच्या पायऱ्या यांविषयीची विधाने प्रमाण म्हणून मांडली जात होती. विधान खरे असले तरी ते प्रमाण ठरवण्याची ही रीत सदोष होती. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणे मोजताना आपल्या दार्शनिकांनी शब्दप्रमाणाला आप्तवाक्य म्हटले, ते सांगणारा विश्वासार्ह आहे याची खात्री करता यावी म्हणूनच.

गूढ आणि गुप्त या दोन शब्दांत आपण बोलताना फारसा फरक करत नाही, पण सारा प्रश्न त्याच फरकात आहे. गूढ म्हणजे समजायला खोल. ते डोळ्यांसमोर ठेवले तरी एकदम कळत नाही, त्यासाठी आयुष्य घालवावे लागते. गुप्त म्हणजे कोणीतरी झाकलेले. झाकण काढले की ते एका क्षणात कळते, पण झाकण काढण्याचा हक्क एकाच्याच हाती असतो. ज्ञानेश्वरी हे याचे उत्तम उदाहरण आहे, आणि ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या लेखनातच त्याचा पुरावा सापडतो. १८८९ मध्ये ‘व्हॉइस ऑफ द सायलेन्स’ या छोट्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी ज्ञानेश्वरीचा मोठ्या आदराने उल्लेख केला, पण तो संस्कृत ग्रंथांच्या रांगेत बसवून. चूक भाषेच्या माहितीची आहे आणि परकीय माणसाकडून ती सहज होऊ शकते. तरी ती नेमकी कुठे झाली ते पाहावे. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशात जे केले, त्याचा सगळा प्राणच ती संस्कृतात नाही यात आहे. सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन आहे. नाथपंथातला हा सर्वांत आतला विषय त्यांनी बाजारात बोलल्या जाणाऱ्या मराठीत, ओवीच्या चालीवर, जो बसेल त्या श्रोत्यापुढे मांडला. विषय तितकाच गूढ राहिला, पण गुप्त राहिला नाही. गुप्त विद्येच्या शोधात निघालेल्या व्यक्तीला असा उघडा ठेवलेला ग्रंथ देवभाषेतला वाटावा, यातून तिची अपेक्षा कळते : थोर ज्ञान सामान्यांच्या बोलीत सापडणार नाही, असे तिने आधीच धरले होते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि तो घरातूनच येतो. आपल्या परंपरेत गुप्तता काय कमी आहे? आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही साखळी कानातल्या उपदेशाचीच आहे. अपात्राला हे सांगू नये, असे गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्णच बजावतो. आणि तुकोबांचे काय? त्यांच्या गुरूंनी, बाबाजी चैतन्यांनी, स्वप्नात येऊन उपदेश केला. जुन्नर तालुक्यात ओतूरला, मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वरापाशी त्यांची समाधी लोक आजही दाखवतात. तुकोबांचे स्वप्न प्रमाण आणि सिनेट यांचे पत्र अप्रमाण, हा पक्षपात नाही का? उत्तर असे आहे, की अधिकारभेद ऐकणाऱ्याच्या तयारीविषयी असतो. डॉक्टर प्रत्येकाला प्रत्येक औषध देत नाही, पण तो स्वतः लपून बसत नाही. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे, बाबाजींची ओतूरला आहे. त्यांना गाव होते, शेजारी होते, निंदकही होते. आणि स्वप्नातल्या त्या उपदेशाचे तुकोबांनी काय केले? माघ शुद्ध दशमी, गुरुवार असा दिवस सांगून, गुरुपरंपरेची नावे घेऊन, मिळालेला मंत्रही त्यांनी अभंगात सगळ्यांसमोर ठेवला. कानात सांगायची गोष्ट त्यांनी टाळ-मृदंगावर दिली. राम कृष्ण हरी हा मंत्र आज कोणत्याही दिंडीत कोणाच्याही तोंडी आहे. त्या स्वप्नाच्या जोरावर तुकोबांनी कोणाकडे काही मागितले नाही. कोणाला अभंग पटला नाही तर स्वप्नाचा दाखला देऊन त्याला गप्प केले जात नाही. अभंग स्वतःच्या बळावर उभा राहतो किंवा पडतो.

चमत्कारांविषयीही असेच विचारले जाईल. मंचरहून नाशिकच्या रस्त्याला लागले की आळे गाव येते. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे, अशी श्रद्धा आहे. आपण रेड्याला नमस्कार करायचा आणि सिमल्यात जमिनीतून चहाचा कप निघाला म्हणून ब्लाव्हाट्स्कीबाईंना हसायचे, हे कसे? हसू नयेच. ऐतिहासिक घटना म्हणून रेड्याची कथा सिद्ध करता येत नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. पण दोन चमत्कारांकडून काय काम करून घेतले गेले, ते पाहावे. सिमल्याचा कप हा सांगणाऱ्याच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून पुढे केला गेला आणि त्यावरून महात्म्यांच्या अस्तित्वाचा निष्कर्ष काढला गेला. त्यामुळे तो पुरावा म्हणून तपासला जाणारच. रेड्याच्या कथेत वेद कोणाच्या मुखी शोभतो हा वाद आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वाळीत टाकले, त्यांनी वेदावरचा मोजक्यांचा हक्क एका मुक्या जनावराच्या तोंडून मोडून काढला, असे ती सांगते. तिच्यामुळे कोणा अदृश्य शक्तीचा हुकूम वाढत नाही. जे झाकले होते ते सर्वांना मिळाले, एवढाच तिचा आशय आहे, आणि तो आशय पटायला रेडा खरोखर बोलला असे धरून चालण्याची गरज पडत नाही.

परक्यांनी आपला धर्म स्वीकारणे हीदेखील इथे नवी गोष्ट नव्हती. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या ठिकाणी, इसवीसनाच्या आगेमागे कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत स्वतःला यवन, म्हणजे परदेशी, म्हणवणारे दाते आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप कोरून दिला. कोणी काय दिले, हे सारे दगडावर, वाटसरूला दिसेल असे लिहिले आहे. १८७९ मध्ये मुंबईत आल्यावर ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट कार्ल्याच्या लेण्यांना गेले होते. तिथल्या खांबांवरही यवन दात्यांची नावे आहेत. पण रशियन वाचकांसाठी बाईंनी जे प्रवासवर्णन लिहिले, त्यात लेण्यांचे आकर्षण आहे ते त्यांतल्या रहस्यांचे आणि गुलाबसिंग नावाच्या, अद्भुत शक्ती असलेल्या एका रजपुताचे. भिंतीवर जे वाचता येत होते त्यापेक्षा भिंतीमागे काय दडले असेल याची ओढ त्यांना जास्त होती. संपूर्ण चळवळीचा स्वभाव या एका भेटीत दिसतो. इरिल आणि चिट यांनी आपला नवा धर्म पाण्याच्या टाक्यातून आणि जेवणाच्या मंडपातून व्यक्त केला. त्यासाठी त्यांना कोणा गुप्त गुरूचे नाव सांगावे लागले नाही.

आता तिसरा आक्षेप : फळावरून झाडाची परीक्षा करावी, मुळावरून नव्हे. अ‍ॅनी बेझंट या थिऑसॉफिस्ट बाईंचे काशीतले सेंट्रल हिंदू कॉलेज, त्यांची होमरूल चळवळ, अड्यारचे हस्तलिखितांचे ग्रंथालय, ही फळे गोड नाहीत का? आहेत. पण ती कोणत्या फांदीला लागली, ते पाहायला हवे. ग्रंथालय, शाळा, मासिक, तुकाराम तात्यांनी छापलेल्या गाथा, दामोदरने छापून जाहीर केलेला जातित्याग, ही सगळी उघड्यावरची कामे होती. गुप्त फांदीचे फळ वेगळे होते. तोच दामोदर मावळंकर फेब्रुवारी १८८५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, महात्म्यांना भेटण्यासाठी अड्यारहून निघाला. दार्जिलिंगवरून सिक्कीमच्या बाजूने तिबेटकडे गेला आणि परत आला नाही. इतका निर्मळ तरुण ज्या हाकेने हिमात गेला, त्या हाकेचा जाब विचारायला कोणीच समोर नव्हते. पुढे १९०९ मध्ये अड्यारच्या किनाऱ्यावर कृष्णमूर्ती नावाचा मुलगा भावी जगद्गुरू म्हणून निवडला गेला. त्यानेच ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमध्ये ओमेन इथे आपल्या नावाने उभा केलेला संघ विसर्जित केला आणि सत्यापर्यंत नेणारी कोणतीही संघटना असू शकत नाही, अशी भूमिका घेतली. गुप्त अधिकाराविरुद्धचा सर्वांत ठाम निर्णय असा त्याच घरातून आला.

सोसायटीचे ब्रीद होते, सत्याहून श्रेष्ठ धर्म नाही. फुल्यांनी तर आपल्या समाजाच्या नावातच सत्य घातले. दोघांच्या मध्ये तुकाराम तात्या उभे आहेत, म्हणजे हे दोन मार्ग एकमेकांना अगदी अनोळखी नव्हते. पण सत्यशोधकांचे सत्य कसे दिसत होते, ते जुन्नरच्याच परिसरात पाहता येते. १८८४ मध्ये ओतूरला पुरोहितांना न बोलावता सत्यशोधक पद्धतीने लग्ने लागली. ग्रामजोशांनी आपल्या हक्कासाठी दावा लावला आणि हा वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल लागतो का, हा प्रश्न शेतकऱ्यांनी गावच्या मांडवात विचारला आणि कोर्टात सर्वांसमोर झेलला. त्याच वर्षी अड्यारला एका कपाटात पत्रे कशी येतात यावर रण माजले होते. सत्यशोधकांकडे विश्वाच्या सात पातळ्यांचा नकाशा नव्हता आणि मरणानंतरच्या प्रवासाविषयी थिऑसॉफीने माणसांची जी तहान जागवली, तिला त्यांच्याकडे फारसे उत्तर नव्हते, हे खरे आहे. ती तहान खरी असते आणि तिची टवाळी करणारा माणूस धर्माविषयी काही शिकू शकत नाही. पण तहान खरी आहे म्हणून पाणी कोणत्या टाक्यातले आहे हे विचारायचे नाही, असे होत नाही.

आजही पातळ्या, दीक्षा आणि फक्त आतल्यांसाठीचे ज्ञान सांगणारे पंथ रोज नव्याने निघतात आणि शिकलेली, सज्जन, दुःखाने पोळलेली माणसे त्यांच्याकडे ओढली जातात. त्यांना अंधश्रद्ध म्हणून हिणवल्याने काही साधत नाही. थिऑसॉफीच्या उगमकथेतून त्यांच्यासाठी साधी कसोटी निघते. सांगणारा कोण, हे दिसते का? त्याला उलट प्रश्न विचारता येतो का? आणि मिळालेले शेजाऱ्याला मोकळेपणाने सांगता येते का? या तिन्हींना होकार असेल, तर विषय कितीही गूढ असो, भिण्याचे कारण नाही. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत आपली गूढ विद्या या तिन्ही कसोट्यांतून गेलेली आहे, म्हणूनच ती अजून लोकांच्या तोंडी आहे. जुन्नरच्या पोढीजवळ येणाऱ्याला इरिल कोणत्या देशाचा होता, त्याला कोणता साक्षात्कार झाला, हे कळत नाही. त्याचे नाव कळते, त्याने काय दिले ते कळते, आणि पोढी कोणालाही पाणी घेता यावे अशी उघडी आहे.